मापासाठी माणूस

काळ्या जाड कागदाची पट्टी... वीतभर लांब, दोन बोटं रुंद, एका कडेला घामट बोटांनी तपकिरी पडलेली. बिस्किटांच्या जुन्या डब्याचं झाकण निघालं आणि फोटोंच्या गठ्ठ्यांवर तीच आडवी पडलेली दिसली. सुदार्मोनं ती उचलली आणि त्याचा अंगठा आपोआप त्या तपकिरी डागावर जाऊन बसला. निवृत्तीला वर्षं झाली तरी बोटं काही विसरत नाहीत. विसरतं ते डोकं, आणि तेही सोयीचं तेवढंच विसरतं. ही पट्टी फोटोच्या खालच्या भागावर ठेवायची. अंगण, कुंपण, कोंबड्या, दोरीवरचे कपडे सगळं झाकून टाकायचं, म्हणजे वर उरतो फक्त डोंगर, त्याचं फुटकं तोंड, तोंडात साचत गेलेला लाव्ह्याचा घुमट, घुमटाच्या अंगावरून ढासळलेल्या दगडांच्या रेघा. मग मागच्या महिन्याचा फोटो आणि या महिन्याचा फोटो शेजारी शेजारी मांडायचे, ट्रेसिंग पेपरवर घुमटाची कड काढायची, एक कागद दुसऱ्यावर धरायचा आणि कुठे फुगलंय, कुठे खचलंय ते बघायचं. ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या चौकीवर नव्यानं आलेल्यांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा की माणसाची नजर मूर्ख असते, समोर कोंबडी असली की ज्वालामुखी सोडून कोंबडी बघत बसते. म्हणून आधी कोंबडी झाका. ते हसायचे. ही पट्टीची युक्ती त्याची स्वतःची, आणि तिचा त्याला अभिमान होता... म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होता.

"आज तरी पापड्या निघतात का बघा त्यातून," तितिक दारातून जाता जाता म्हणाली. हा त्या नवराबायकोतला जुना विनोद. लोकांच्या घरी बिस्किटांचा डबा उघडला की आत बिस्किटं नसतात, तांदळाच्या कुरकुरीत पापड्या असतात. ईदला आलेली पोरं आशेनं झाकण काढतात आणि हिरमुसतात. सुदार्मोच्या घरी फसवणूक त्याच्याही पुढची, डब्यात डोंगर. आज तो हसला नाही, आणि तितिकही हसण्यासाठी थांबली नाही, कारण कालचं सगळं बोलणं तिनं आतून ऐकलेलं होतं.

काल वुर्यानी आली होती, रुबियेमची मुलगी. हेल्मेट मांडीवर घेऊन ओसरीच्या कडेला बसली. हाँगकाँगला एका म्हातारीची सेवा करते, आई गेल्याच्या हजाराव्या दिवसाच्या विधीसाठी रजा काढून आलेली. कबरीला दगड बसवायचा, गल्लीला जेवण घालायचं आणि आईच्या नावानं कुराणातल्या यासीनच्या पुस्तिका वाटायच्या. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो लागतो, तो बघून लोक दुवा मागतात. नुसत्या नावावरून कुणाला चेहरा आठवणार? छापखानावाला परवा सकाळी छपाई सुरू करणार, आणि फोटोच नाही. डोंगर फुटून घर जळालं तेव्हा घरातलं होतं नव्हतं ते गेलं. वुर्यानीच्या पर्समध्ये एक होता, तो पर्सबरोबर चोरीला गेला. छावणीत आईचं नवं ओळखपत्र काढायचं राहून गेलं, आणि मग आईच राहिली नाही.

"तुम्ही तर दर महिन्याला यायचात, पाक्," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ती म्हणाली. "मी शाळेत जायच्या आधीपासून. तुमच्याकडे आईचा एखादा तरी असेलच."

"असेल ना. एखादा काय, ढीगभर असतील," सुदार्मो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं. वर्षानुवर्षं त्याच अंगणात उभं राहून इतके फोटो काढलेत, मग त्यात ती नसेल कशी? पोरीचा जीव भांड्यात पडलेला दिसला. ती मोकळी होऊन बोलू लागली, चहा घेतला, छावणीतल्या गमती सांगू लागली... वर्तमानपत्रवाले किती आले, सगळं गाव कसं छापून आलं, शेजारची म्हातारी कपडे बदलून पुन्हा पुन्हा रांगेत कशी उभी राहायची. आणि हसत हसतच म्हणाली, "आईचा मात्र एक नाही. कॅमेरा दिसला की आई बाजूला व्हायची. मामेबहिणीच्या लग्नातसुद्धा तसंच. सगळे हाका मारतायत आणि ही म्हणते, मागचं दिसू दे, मी आड येते. कुठून लागली ही सवय, कोण जाणे."

कोण जाणे. सुदार्मोनं किटली उचलली आणि तिच्या भरलेल्याच ग्लासात पुन्हा चहा ओतला. तो बशीत सांडला. मला माहीत होतं, पोरी... त्याच क्षणी माहीत होतं, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. उद्या संध्याकाळी ये, शोधून ठेवतो, एवढंच म्हणालो.

आता सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी टेबल ओढून, त्यानं पहिला गठ्ठा सोडला. पट्टी बाजूला ठेवली. पहिल्यांदाच खालचं बघायला बसलो, असं त्याच्या मनात आलं आणि हात क्षणभर थबकले. अंगण दिसलं. झाडलेलं, खराट्याच्या अर्धगोल रेघा उमटलेलं. डावीकडे बांबूचं कुंपण, कुंपणावर सुपात वाळत घातलेले कसाव्याचे पांढरे काप, उजवीकडे गोठ्याचा कोपरा, त्यातून बाहेर आलेलं गाईचं नाक. गाय चालते... गाईला कुणी बाजूला हो म्हटलं नाही.

चौकीचा सिमेंटचा खांब त्याच अंगणात होता, कारण तिथून डोंगराचं तोंड सरळ दिसायचं, मध्ये कुठलाही कडा यायचा नाही. खांबावर कॅमेरा बसवायचा, दर वेळी तीच जागा, तोच कोन. जागा बोटभर हलली तरी कडा जुळत नाहीत आणि महिन्याभराची मेहनत पाण्यात जाते. जागा हलायला नको, कोन हलायला नको आणि आड कुणी यायला नको. पहिल्या दिवशी रुबियेम खराटा घेऊन अंगणाच्या मधोमध उभी होती, तरुण, नुकतीच विधवा झालेली, पोरगी पाठीला बांधलेली. कचेरीतले साहेब लोक आपल्या अंगणात काय करतात ते बघत होती. तो म्हणाला, "बू, जरा बाजूला व्हाल?" वाईट काय होतं त्यात? नम्रपणे, बू म्हणजे बाई असं आदरानं म्हणाला होता. ती झाली बाजूला. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणावं लागलं, त्याच्या पुढच्याही महिन्यात एकदा... नंतर कधी म्हणावं लागल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याची मोटारसायकल चढावर आवाज करू लागली की रुबियेम अंगण झाडून घ्यायची, दोरीवरचे कपडे काढायची आणि गोठ्याच्या मागे, चौकटीच्या बरोबर बाहेर जाऊन उभी राहायची. चौकट कुठे संपते हे तिला त्याच्याइतकंच पक्कं कळायला लागलं होतं. तो कौतुकानं चौकीवर सांगायचा की ती बाई म्हणजे आमची अर्धी कर्मचारी आहे. कौतुक म्हणायचो मी त्याला.

गठ्ठ्यामागून गठ्ठा सुटत गेला. कुठे खराटा भिंतीला टेकलेला, नुकता ठेवल्यासारखा तिरका. कुठे पाट उलटा पडलेला. स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर. ती आत्ता होती, आत्ता उठून गेली, असं प्रत्येक फोटो सांगत होता, आणि सुदार्मोला राग यायला लागला... कुणाचा ते नीट कळेना. मग त्याला आठवलं की चौकीवर स्कॅन केलेला सगळा संग्रह आहे, शेवटच्या वर्षांचे डिजिटल फोटो आहेत, तिथं एखादा सुटला असेल. त्यानं रत्रीला फोन लावला. ती हल्ली चौकीची प्रमुख, त्याच्याच हाताखाली तयार झालेली. त्या बिचारीनं तासाभरानं उलट फोन केला. संगणकात सगळे आहेत, पण सगळ्यांचा खालचा भाग कापलेला आहे. स्कॅन करताना तुमचीच पट्टी प्रमाण धरली, पाक्, असं ती म्हणाली; जागाही वाचली. आणि कुणी माणूस आलेला फोटो तर तुम्ही कधी ठेवूच दिला नाहीत, ते वाया गेलेल्यांत जायचे. तिला वाटलं आपण गुरूची शिस्त सांभाळल्याचं सांगतोय. छान केलंस, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

वाया गेलेले. हो, ते तर होतेच... सुरुवातीच्या काळात कधी ती बादली घेऊन मध्येच आलेली, कधी पोरीमागे धावलेली. ते प्रिंट तो स्वतःच्या हातानं फाडायचा, आणि फाडताना चिडायचाही, कारण फिल्म सरकारी होती आणि सकाळी घुमट ढगाबाहेर राहायचा तो थोडाच वेळ. म्हणजे रुबियेम फोटोंत होती. मी तिला टोपलीत टाकत होतो.

दुपारच्या नमाजासाठी तो उठला. हातपाय धुतले, नमाज पढला, पण मन लागलं नाही. जेवताना तितिकनं विचारलं, सापडला का. त्यानं नकारार्थी मान हलवली. तिनं त्याच्या भातावर टेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या वाढल्या आणि म्हणाली, "आपण समुद्रावर गेलो होतो, मुलं लहान असताना, ते पण त्याच डब्यांत असतील. निघाले तर द्या मला. लाटा फार छान आल्यात त्यात." सरळ आवाजात म्हणाली. तो घास चावत राहिला. तितिकचा टोमणा असाच असतो, लगेच लागत नाही, संध्याकाळी दुखायला लागतो.

दुसऱ्या डब्यात झाड निघालं. तो आधी ओळखेना, कारण इतकी वर्षं ते पट्टीखाली होतं. फणसाचं रोप कुंपणाच्या आत, गुडघ्याइतकं. मग कंबरेइतकं. मग कौलांच्या वर. फोटो एकामागून एक सरकवताना झाड वाढत होतं, जसा तो घुमट वाढताना बघायचा तसं. फांदी कुठे फुटली, कड कुठे सरकली, त्याचा सराईत डोळा आपोआप टिपत होता. मग एका फोटोत शेंडा चौकटीत वर चढला, डोंगराच्या उतारावर आला, पट्टीच्या रेषेच्या वर. आणि पुढच्या फोटोत झाड नव्हतं. बुंधा होता, ताजा, पिवळाजर्द कापलेला. त्याच्या पुढच्या फोटोत बुंध्यावर मातीचा माठ.

सुदार्मो खुर्चीत मागे टेकला. फणस तिच्या नवऱ्यानं लावला होता, मरायच्या आदल्या पावसाळ्यात. तिनंच सांगितलं होतं कधीतरी. मी तिला झाड तोडा म्हणालो नव्हतो. शपथेवर सांगतो, नव्हतो म्हणालो. मी एवढंच म्हणालो असेन की शेंडा आड यायला लागलाय. आणि बुंधा पाहिल्यावर म्हणालो असेन की छान झालं, आता मोकळं दिसतं. हे दुसरं तर नक्की म्हणालो होतो, ते आठवतंय, कारण ती तेव्हा हसली नव्हती आणि मला वाटलं होतं, आज बाई जरा घुश्शात दिसते.

एरवी ती हसायचीच. डोंगराला ती आजोबा म्हणायची, सगळं गावच म्हणायचं, पण तिची थट्टा वेगळी. "आज आजोबांनी पागोटं घातलंय, पाक्, आज फोटो मिळायचा नाही," असं ती ढगाकडे बोट दाखवून सांगायची. कधी म्हणायची, रात्री खोकत होते, दगड पडल्याचा आवाज आला बघा. ते तो कचेरीच्या भाषेत लिहून घ्यायचा. आणि चहा. जास्वंदीच्या झुडपाशी सपाट दगड होता, त्यावर झाकण घातलेला काचेचा ग्लास त्याच्यासाठी ठेवलेला असायचा, मोगऱ्याच्या वासाचा, नको इतका गोड चहा. आता भिंगातून बघताना तो ग्लास त्याला दिसला. एका फोटोत दिसला म्हणून मागचे पुन्हा काढले, तर त्यांतही होता. कोपऱ्यात, दगडावर, पत्र्याच्या झाकणावर उन्हाचा ठिपका चमकतोय... दर महिन्याला, दर वर्षी तोच ठिपका. मी तो चहा प्यालो. दर वेळी प्यालो. आणि कधी आभार मानले असतील तर तेही डोंगराकडे बघतच.

पण खालचं झाकलं म्हणून तर वरचं दिसलं, तो स्वतःशी जवळजवळ मोठ्यानं म्हणाला. हे कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी घुमट दक्षिणेकडे कलतोय हे त्या कडांवरूनच कळलं, एकावर एक धरलेल्या त्याच्या कागदांवरून. यंत्रं गोंधळली होती, कागद गोंधळले नाहीत. त्यानं सांगितलं, गाव रिकामं करा, आणि गाव रिकामं झालं. डोंगर फुटून जळत्या राखेचा ढग उतरला तेव्हा तिथं माणूस नव्हतं. रुबियेम गाईच्या दाव्याला धरून चालत खाली आली होती. डोळ्यांत तेल घालून डोंगर बघितला म्हणून ती वाचली, तिची गाय वाचली. मग हे असं अपराध्यासारखं का वाटावं? ती तर पुढे छावणीत वारली, छातीच्या दुखण्यानं. तिला भेटायला जायचं राहिलं, ते खरं. एकदा कामासाठी छावणीत गेलो तेव्हा पाण्याच्या रांगेत दिसली होती. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. तिनं पाहिलं आणि ओळखीचं हसून रांगेतून बाजूला झाली... मला वाटलं, मला वाट देतेय.

दुपार कलली. डोंगर खिडकीत ढगामागे होता. चौकीवर अशा दिवशी रोजच्या नोंदीत एकच वाक्य लिहितात: धुके, डोंगर दिसला नाही. हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्यांदा लिहिलंय की त्यात खंत करण्यासारखं काही असतं हेच तो विसरला होता. दिसला नाही म्हणजे नाही असं नव्हे. असतोच तो. आपल्याला दिसला नाही, एवढंच.

तिसऱ्या डब्यात महिन्याचे फोटो नव्हतेच, सुटे लिफाफे होते, इकडचेतिकडचे. ओढ्याचे काप, राखेचे थर, दगड. तो डबा त्यानं सकाळीच बाजूला सारला होता, कारण त्यात अंगण नव्हतं. आता केवळ हात थांबेनात म्हणून उघडला. 'चिखलाच्या लोंढ्यानं आणलेले दगड' असं लिहिलेल्या लिफाफ्यातून त्यानं पहिला प्रिंट काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

हा फोटो काढला त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट. तो कॅमेरा आवरत होता, चांगलं ऊन होतं, ती ग्लास घ्यायला आली आणि म्हणाली, "आजोबा एवढे फोटो काढून घेतात, पाक्, पण एक तरी मागतात का तुमच्याकडे? मी मागितला तर द्याल? माझा एक काढा की." थट्टेच्या आवाजात म्हणाली, पण ओढणीनं ग्लास पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली. तो म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की, बू. ही फिल्म सरकारची आहे, उरली तर बघू." पुढच्या वेळी ढग होते. त्याच्या पुढच्या वेळी घाई होती. तिनं पुन्हा मागितला नाही.

मग पावसात राखेचा चिखल ओढ्यातून उतरला आणि तिच्या घराच्या खालच्या अंगाला घराएवढा काळा दगड आणून ठेवून गेला. सुदार्मो तो बघून लहान मुलासारखा खुश झाला. एवढा दगड लोंढा वाहून आणतो, म्हणजे लोंढ्याचा जोर किती! फोटो हवा, पण नुसत्या दगडाच्या फोटोवरून तो मुठीएवढा की घराएवढा हे कळत नाही. शेजारी काहीतरी मापाचं ठेवावं लागतं, हातोडी, पेन, नाहीतर माणूस. हातोडी एवढ्या दगडापुढे दिसली नसती. तो म्हणाला, "बू, जरा त्या दगडापाशी उभ्या राहता? फोटो काढायचाय." ती त्याच्याकडे बघत राहिली. मग थांबा म्हणाली आणि घरात पळाली. तो खोळंबला. उजेड जात होता, ओढ्यात वर कुठेतरी पुन्हा पाऊस लागल्याचा आवाज होता, आणि ही बाई घरात काय करते आहे? बऱ्याच वेळानं बाहेर आली तर चांगला केबाया, तो लांब बाह्यांचा ठेवणीतला झंपर, घातलेला, केस पाणी लावून बसवलेले, हातात बांबूची टोपी. तो मनात चडफडला. तोंडानं म्हणाला, चला चला. मग मागे मागे सरकत गेला, पूर्ण दगड बसेपर्यंत. ती तिकडून म्हणाली, टोपी घालू की काढू? तो म्हणाला, काहीही चालेल. तिनं टोपी काढून बाजूला धरली... चेहरा दिसावा म्हणून. त्याला हे आत्ता, या टेबलापाशी कळलं.

नंतर तिनं विचारलं होतं, कसा आला. चांगला आला, तो म्हणाला, आणि ते खरं होतं. दगड फार सुरेख आला होता, अहवालात अर्ध्या पानावर छापला. तिला त्याची प्रत द्यावी हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तिनं दोनतीन महिने मोटारसायकलच्या पिशवीकडे पाहिलं असेल. असेलच. मी पिशवीतून फक्त कॅमेरा काढला.

प्रिंट काळापांढरा. केबायाचा रंग कोणता होता? त्यानं डोळे मिटले. त्या संध्याकाळी डोंगराच्या तोंडातून निघणारा वायू निळसर होता, कडेला पिवळा, हे त्याला काल पाहिल्यासारखं आठवत होतं. केबायाचा रंग आठवेना. जांभळा म्हणावा तर जांभळाच वाटायला लागला, हिरवा म्हणावा तर हिरवा. त्यानं भिंग लावलं. दगडाच्या पायथ्याशी ती उभी, ताठ, हात सरळ खाली, कधीच न हललेल्या खांबासारखी. चेहरा तिळाएवढा. भिंग जवळ नेलं की तीळ फुटून दाणे होतात, करडे, काळे, पांढरे, त्यात डोळे कुठले, तोंड कुठलं... भिंग लांब नेलं की पुन्हा तीळ. मधल्याच एका अंतरावर, नजर थोडी ढिली सोडली की, ती हसत असल्यासारखी वाटते. आणि नजर बसवली की जातं. असं निरीक्षण चौकीवर कुणी आणलं असतं तर त्यानं खोडून टाकलं असतं. वाटणं म्हणजे दिसणं नव्हे, असं तो सगळ्यांना बजावायचा. रुबियेम, दिसली नाही. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं.

छापखानावाला हा मोठा करील. पहिल्या पानावर दाण्यांचा ढग येईल, खाली तिचं नाव. तो ढग समोर धरून गल्लीतले लोक यासीन पढतील. वुर्यानी काय म्हणेल? पोर भली आहे, ती म्हणेल, हीच आई. तिला ते हसूही दिसेल, माझ्यासारखं अंतर जमवत बसावं लागणार नाही तिला. आणि मग, साहजिकच, ती प्रिंट उलटून पाठीमागे बघेल, तारीख लिहिलीय का म्हणून.

पाठीमागे त्याचंच अक्षर होतं, शाईतलं, नीटस, चौकीवर सगळ्यांना कित्ता म्हणून दाखवायचे तसलं. ओढ्याचं नाव, दगडाचा प्रकार, आणि खाली: मापासाठी माणूस. बस, एवढंच. नाव नाही. तिच्या अंगणात येऊन मला तेव्हा किती वर्षं झाली होती, आणि तरी माणूस. शाई खोडता येत नाही. पातळ कागद चिकटवता येईल. पाठीचा थर सुरीनं सोलताही येईल, हात अजून तेवढा स्थिर आहे. पण नोंद बदलायची नाही, चूक असली तरी बदलायची नाही, तिच्या शेजारी नवी लिहायची... हेही त्यानंच शिकवलेलं. शेजारी काय लिहू? रुबियेम, टोपी हातात, चेहरा दिसावा म्हणून? वुर्यानी वाचेल तर विचारेल. न विचारता नुसतं बघेल, तर ते जास्त वाईट.

बाहेर उजेड तांबूस व्हायला लागला होता. ती आता येईलच. त्यानं प्रिंट सरळ केला, टेबलावरची काळी पट्टी उचलली, अंगठा डागावर बसवला, आणि पट्टी खाली न ठेवता वर ठेवली, दगडावर, दगडामागच्या उतारावर, डोंगरावर. पट्टी पुरेना. मग उरलेल्यावर त्यानं डावा तळहात ठेवला. हाताच्या कडेखाली रुबियेम एकटी उरली, तिळाएवढी, आणि आता तिच्याशेजारी कसलंच माप नसल्यामुळे ती किती मोठी किंवा किती लहान ते कळेना. तो बघत राहिला. बराच वेळ.

तितिक चहा घेऊन आली. ग्लासवर झाकण होतं. तिनं तो टेबलावर, फोटोंपासून जपून ठेवला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं, त्याच्या हाताखाली काय आहे ते. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली, दाराशी मोटारसायकल आली का ते बघायला. तिच्या पाठीवर तांबूस उजेड पडला होता. केसांच्या अंबाड्यातून एक बट सुटली होती, पिकलेली. ती कधी पिकली?

"ढग गेला हो," ती म्हणाली. "तुमचा डोंगर अगदी स्वच्छ दिसतोय." आणि तो काही म्हणायच्या आतच, जन्मभराच्या सवयीनं, ती एक पाऊल बाजूला झाली.

डोंगर दिसत होता, तोंडापासून पायथ्यापर्यंत, निळाकाळा, घुमटावर धुराची बारीक रेघ. अशी संध्याकाळ वर्षातून फार थोड्यांदा मिळते. सुदार्मो खिडकीतल्या त्या डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत होता, जिथं आत्तापर्यंत ती उभी होती.